घरकोंबड्यांचा मुलूख? वत्सगुल्म, हॉबिट आणि वऱ्हाडाच्या माथी मारलेला 'स्वभाव'

१/
उंची दोन ते चार फूट. पायांत जोडे नाहीत. जमेल तर दिवसातून सहा वेळा जेवण, टेकडीच्या पोटात कोरलेले उबदार घर, नीट मशागत केलेली जमीन आणि दूरच्या जगाविषयी कमालीची अनिच्छा. जे. आर. आर. टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतली 'हॉबिट' ही जमात मराठी तरुण वाचकांनाही आता परकी राहिलेली नाही. आणि तिच्यापाठोपाठ एक तुलना अनेकांना सहज सुचते : वऱ्हाडी माणूस म्हणजे मराठी मुलखातला हॉबिट. खाऊनपिऊन सुखी, घर न सोडणारा, इतिहासाच्या वाटेला न गेलेला. हा थ्रेड त्या तुलनेविषयी आहे, आणि बहुतांशी तिच्याविरुद्ध आहे. पुराव्यासाठी निवडलेला प्रदेश एकच : वाशीम जिल्हा.

२/
ही तुलना वरवर कौतुकाची वाटते. तिच्या पोटात मात्र एक साखळी दडलेली असते. घरावर प्रेम, म्हणून समाधानी. समाधानी, म्हणून महत्त्वाकांक्षा नाही. महत्त्वाकांक्षा नाही, म्हणून मागे पडला. मागे पडला तो स्वतःच्या स्वभावामुळे, तेव्हा दोष कोणाकडेच जात नाही. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण ऐकून ज्यांना फक्त सुबत्ता आठवते, त्यांना पुढच्या दुरवस्थेचे स्पष्टीकरणही आळसातच सापडते. म्हणजे कौतुक आणि दूषण ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. दोन्हींमध्ये इतिहासाच्या जागी 'स्वभाव' हा शब्द बसवलेला असतो.

३/
आधी हॉबिटांनाच न्याय देऊ. 'द हॉबिट' १९३७ साली आले, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये. त्या दुसऱ्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच टोल्किन सांगतात की हॉबिट मुळात त्यांच्या 'शायर' या प्रांतातले नव्हतेच. ते पूर्वेकडच्या एका मोठ्या नदीच्या खोऱ्यातून डोंगर ओलांडून, पिढ्यान् पिढ्या स्थलांतर करत आले. त्या काळाला त्यांच्या परंपरेत 'भटकंतीचे दिवस' असे नाव आहे. घरावर जीव टाकणारी ही जमात एकेकाळी बेघर होती. पुढे ती हे विसरली. वंशावळी मुखोद्गत असणाऱ्या हॉबिटांना स्वतःचे स्थलांतर तेवढे आठवत नाही, ही टोल्किन यांची सर्वांत बोचरी नोंद आहे.

४/
शायर त्यांना फुकट मिळाले नाही. कथेनुसार फोर्नोस्टच्या राजाने त्यांना नदीपलीकडची जमीन दिली ती अटींवर : मोठा पूल आणि रस्ते दुरुस्त ठेवायचे, राजाच्या दूतांना वाट मोकळी करून द्यायची आणि राजाचे स्वामित्व मान्य करायचे. म्हणजे 'साध्या, भोळ्या' वस्तीच्या मुळाशी एक सनद होती. ज्याला भारतीय ताम्रपटांची तोंडओळख आहे, त्याला हे वाचताना ओळखीचे वाटायला हवे. वऱ्हाडातल्या गावांचा सर्वांत जुना लिखित इतिहास नेमका असाच, सनदा आणि अटी यांच्या रूपाने हाती आला आहे.

५/
अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव, आठ हजार 'भूमी' मापाची जमीन, एक हजार ब्राह्मणांना दिलेली. दान कायमचे, पण अटी स्पष्ट : राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, ब्रह्महत्या करायची नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव द्यायचा नाही. अट मोडली तर जमीन परत घेण्यात राजाला दोष नाही. पाचव्या शतकातले शांत खेडे हे असे दिसते. त्याची शांतता रहिवाशांच्या स्वभावातून आपोआप उगवलेली नाही. ती लिहून, ठरवून, धाक घालून उभी केलेली आहे.

६/
आता खुद्द वाशीम. याचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. येथे १९३९ साली उजेडात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट त्याच्या ३७व्या राज्यवर्षातला आहे आणि तो वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, पण प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात. कारण उघड आहे : गौरव संस्कृतात शोभतो, व्यवहार लोकांना कळेल अशा भाषेत करावा लागतो. दान दिलेले गाव नांदेडच्या, म्हणजे तेव्हाच्या नंदिकटाच्या, उत्तर भागातले. वत्सगुल्माची सही गोदावरीच्या बाजूला चालत होती, ही गोष्ट 'घराबाहेर न पडलेल्या' गावाविषयी बरेच काही सांगून जाते.

७/
वाशीमजवळच हिस्से-बोराळा आहे. तेथील शिलालेख वाकाटक राजा देवसेनाच्या काळातला असून त्यात शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८, हे वर्ष दिलेले आहे. विषय काय? तलाव. स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने बांधलेल्या 'सुदर्शन' तलावाची ही नोंद आहे. हे नाव गिरनारच्या प्रसिद्ध सुदर्शन तलावाची आठवण करून देते. ज्या भागात आज उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे पंधराशे वर्षांपूर्वी पाणी अडवणे ही दगडावर कोरून ठेवण्याइतकी मोठी कामगिरी मानली गेली. चांगली मशागत केलेली जमीन हॉबिटांना फार आवडते. पण मशागतीच्या आधी पाणी लागते आणि पाण्याला नियोजन लागते.

८/
साहित्याचे काय? राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास 'काव्यमीमांसा' लिहिली. त्यात काव्यपुरुष रुसून निघतो आणि साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. प्रत्येक प्रदेशात वेश बदलतो, नृत्य बदलते, बोलण्याची रीत बदलते. पूर्वेत तो वश होत नाही, पांचालात थोडा, अवंतीत आणखी थोडा. शेवटी विदर्भात वैदर्भी रीतीपुढे तो पूर्ण हरतो आणि दोघांचा विवाह होतो तो वत्सगुल्मात. भारतीय काव्यशास्त्रातल्या सर्वांत लांब पाठलागाचा शेवट वाशीमला होतो. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त या रीतीचे नाव 'वच्छोमी' असे येते. ते वत्सगुल्मावरूनच पडले आहे.

९/
हे नाव उगीच पडलेले नव्हते. वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः प्राकृत कवी होता. पारिजातहरणावरचे त्याचे 'हरिविजय' हे काव्य आज उपलब्ध नाही. पण काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त त्याचा आदराने उल्लेख केला आहे. वाशीमच्या राजाचे प्राकृत काव्य चार-पाच शतकांनी काश्मीरच्या पंडिताच्या हाती होते. याच शाखेच्या हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवले. जगभरचे प्रवासी अजिंठा पाहतात. त्यांतल्या किती जणांना त्या वैभवामागचे वत्सगुल्म ठाऊक असते, आणि वाशीमच्या किती शाळकरी मुलांना?

१०/
येथे एक आक्षेप योग्यच आहे. राजे, सचिव आणि कवी म्हणजे लोक नव्हेत. हॉबिटांची गोष्ट सामान्यांची आहे, मग वाशीमच्या सामान्यांचे काय? त्याचे उत्तर कापडात आहे. १७६९ साली माधवराव पेशवे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. त्या तहात भोसल्यांनी पेशव्यांना दरवर्षी पाच हजार रुपयांचे कापड द्यावे, असे एक कलम आहे. कापड कोठले? वाशीम आणि बाळापूरचे. दोन सत्तांच्या राजकीय तहात गावाच्या नावानिशी माल मागितला जातो, तेव्हा त्या गावचे विणकर नामांकित असले पाहिजेत. ते घरीच बसत, कारण माग घरातच असतो. पण त्यांचे काम पुण्याच्या दरबारात ओळखले जाई.

११/
त्याआधी शंभर वर्षे मागे जाऊ. १६७०च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वऱ्हाडातल्या कारंज्यावर धडक मारली. आजचे कारंजा (लाड) वाशीम जिल्ह्यातच आहे. जदुनाथ सरकार यांच्या वर्णनानुसार तेथली लूट चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेण्यात आली. सुरतेची लूट प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. कारंजा मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरते आले तर आले. मोगली वऱ्हाडातली ही पेठ एवढी संपन्न होती की सुरतेनंतर तिचा विचार व्हावा. झोपाळू खेड्यावर कोणी एवढी दौड करीत नाही.

१२/
त्याच कारंज्यात चौदाव्या शतकात नृसिंह सरस्वतींचा जन्म झाला, अशी दत्तसंप्रदायाची श्रद्धा आणि 'गुरुचरित्रा'ची साक्ष आहे. मुंजीनंतर कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडले. काशीला संन्यास घेतला, पुढे औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर. पण कथेत एक हळवा टप्पा आहे : बऱ्याच वर्षांनी ते आईवडिलांना भेटायला कारंज्याला परत येतात. बिल्बो बॅगिन्सच्या प्रवासवर्णनाच्या नावातही जाणे आणि परतणे दोन्ही आहे. घराचे प्रेम आणि घर सोडण्याची हिंमत एकाच माणसात असू शकतात. वऱ्हाडातल्या बहुधा सर्वांत प्रभावी संताचे चरित्र हेच सांगते.

१३/
आता घरी राहणाऱ्यांचे ऋण. हॉबिटांच्या भाषेत 'मॅथम' असा एक शब्द आहे : उपयोग नाही, पण टाकवत नाही अशी वस्तू. अशा वस्तूंसाठी त्यांनी संग्रहालयच उघडले होते. कारंज्याच्या जैन मंदिरांत सेनगण आणि बलात्कारगण या भट्टारक परंपरांची पीठे होती आणि तेथे हस्तलिखितांचे भांडार शतकानुशतके जपले गेले. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा विद्वानांचे डोळे उघडले. पुढे 'कारंजा जैन ग्रंथमाला' निघाली. त्या मालेत १९३१ साली प. ल. वैद्य यांनी 'जसहरचरिउ' संपादित केले आणि १९३३ साली हिरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ'.

१४/
ही दोन्ही काव्ये पुष्पदंताची. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट नगरीत लिहिलेली, अपभ्रंश भाषेतली. अपभ्रंश ही प्राकृत आणि आधुनिक भाषा यांच्यामधली कडी. तिचे मोठे ग्रंथ गेल्या शतकात प्रकाशात आले नसते, तर भारतीय भाषांचा इतिहास मध्येच तुटलेला राहिला असता. आणि ते आले कोणामुळे? दर पावसाळ्यानंतर पोथ्या उन्हात घालणाऱ्या, वाळवीपासून जपणाऱ्या, फडक्यात बांधून पुन्हा कपाटात ठेवणाऱ्या, नाव नसलेल्या माणसांमुळे. राजधानी मान्यखेट उद्ध्वस्त झाली, पण तिचा कवी ज्या गावांनी सांभाळला त्यांत कारंजा अग्रभागी आहे. 'घरकोंबडा' हा शब्द उच्चारताना हे आठवावे.

१५/
इथपर्यंत वाद सोपा होता. अवघड प्रश्न पुढे आहे. विणकर मागावर, कुणबी शेतात आणि पोथी कपाटात सुरक्षित राहिली, कारण दुसरे कोणीतरी वाटेवर होते. मीठ समुद्रावरून यायचे. धान्य टंचाईच्या मुलखात जायचे. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. हे सगळे वाहून नेणाऱ्यांत बंजारा तांडे अग्रेसर होते. त्यांची लदेणी, म्हणजे गोणी लादलेल्या बैलांचे कळप, ही त्या काळातली मालगाडी. एकाचे घरी राहणे दुसऱ्याच्या चालण्यावर उभे होते. वऱ्हाडच्या 'स्वभावा'चे वर्णन करणाऱ्यांनी हे दुसरे नाव सहसा घेतलेले नाही.

१६/
टोल्किन यांच्या शायरलाही असे अदृश्य राखणदार आहेत. रेंजर नावाचे भटके लोक सीमेवर पहारा देतात. मळके कपडे, थकलेले चेहरे. हॉबिट त्यांच्याकडे संशयाने पाहतात, सरायीत त्यांच्यापासून दूर बसतात. आपली शांतता त्यांच्यामुळे टिकली आहे, हे हॉबिटांच्या गावीही नसते. टोल्किन यांनी ही विस्मृती हॉबिटांचा दोष म्हणून स्पष्ट दाखवली आहे. शायरवर लुब्ध होणारे वाचक मात्र गोल दरवाजा आणि जेवणाचे ताट लक्षात ठेवतात, रेंजर विसरतात. वऱ्हाडाविषयीही नेमके हेच घडते. गावाचा ओटा, रोडगे आणि वांग्याची भाजी सर्वांना आठवते. तांडा आठवत नाही.

१७/
बंजारा परंपरेत एक आठवण सांगितली जाते. सुमारे १६३०च्या दख्खन मोहिमेत आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी या नायकांचे तांडे होते. बैलांचा आकडा एक लाख ऐंशी हजार. वाटेत चारा, पाणी आणि छपराचे गवत हक्काने घेण्याची परवानगी त्यांना सोन्याच्या अक्षरांनी कोरलेल्या ताम्रपटावर मिळाली, असे ही परंपरा सांगते. आकडा शब्दशः घ्यावा की नाही हा वेगळा प्रश्न. पण परंपरेने काय जपले ते पाहावे : ताम्रपट. गाववाल्याची सनद राहण्याची, तांड्याची सनद चालण्याची. राज्याला दोघेही हवे होते आणि दोघांशीही त्याने करार केला.

१८/
तांड्याला घर नव्हते, असे म्हणणे तर अज्ञानाचेच. तांडा हेच घर होते. नायक आणि कारभारी यांची व्यवस्था, गोरबोली ही भाषा, नऊ दिवस टोपलीत गहू रुजवून मुलींनी साजरी केलेली तीज, दिवाळीच्या अमावास्येला दिवा घेऊन घरोघरी 'मेरा' मागत फिरणाऱ्या लेकी. ज्या अंगणात लेक दिवा घेऊन येते ते अंगण दरवर्षी दुसऱ्या माळावर असले, म्हणून ते अंगण कमी ठरत नाही. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे स्थान. देशभरचा बंजारा समाज येथे येतो आणि त्याला आपली काशी मानतो. चालणाऱ्या समाजाने आपले घर नकाशावर रोवले, ते या जिल्ह्यात.

१९/
मग 'स्वभाव' आला कोठून? मोठ्या प्रमाणात तो दफ्तरातून आला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि माणसांची मोजदाद सुरू झाली. प्रत्येक जातीला एक प्रवृत्ती चिकटवण्यात आली : ही कष्टाळू, ती आळशी, ती गुन्हेगार. बंजाऱ्यांवरचे एक प्रमुख टिपण लिहिणारे एन. एफ. कंबरलेज हे वऱ्हाड पोलिसांतले अधिकारी होते. १८८२ साली ते पुन्हा छापले गेले. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या जातिकोशात बंजाऱ्यांवरच्या लेखाचा मुख्य आधार तेच. ज्या समाजाची ओळख पोलिसाच्या टेबलावर लिहिली जाते, तिच्यात रीतिरिवाजांइतकाच संशयही उतरतो.

२०/
त्याच काळात दोन गोष्टी घडल्या. १८६७ साली मुंबईहून आलेली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि लदेणीचा कणा मोडला. आणि १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली. भटकणे हाच संशयाचा पुरावा ठरू लागला. रोजगार एका हाताने काढून घ्यायचा आणि बेकारीला दुसऱ्या हाताने 'गुन्हेगारी प्रवृत्ती' म्हणायचे, असा हा न्याय. कायदा १९५२ साली रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही 'विमुक्त जाती' या वर्गात गणला जातो. त्या शब्दातच तुरुंगाची आठवण आहे.

२१/
आता दोन्ही शिक्के शेजारी ठेवून पाहावेत. घरी राहिला तो सुस्त, चालत राहिला तो संशयित. एकाच जिल्ह्यात, एकाच अर्थव्यवस्थेचे हे दोन पाय. दोघांनाही 'स्वभाव' दिला गेला आणि दोघांचाही इतिहास काढून घेतला गेला. त्यांतला एक शिक्का गोड शब्दांत मारला जातो, म्हणून तो कमी खोटा ठरत नाही. आणि स्वभाव अटळ असतो, हे तर इतिहासच खोटे पाडतो. वाशीमला लागून असलेल्या पुसद भागातल्या गहुलीच्या बंजारा कुटुंबातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, आणि १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात 'कृषी दिन' आहे. 'भटक्या' ठरवलेल्या समाजाचा पुत्र शेतीचे प्रतीक झाला.

२२/
विरोधी पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा टाळता येणार नाही. वऱ्हाडी माणसाचे घरावर प्रेम आहेच. शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावलेला रंग, पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणे, ओट्यावरच्या न संपणाऱ्या गप्पा : हे कोणी कल्पनेने रचलेले नाही, आणि ते लाजण्यासारखे तर मुळीच नाही. प्रश्न एवढाच की हे प्रेम निसर्गाची देणगी आहे की कमाई? रोडग्यामागे पहाटे जात्यावर बसलेली बाई आहे. पेवातल्या धान्यामागे सुताराची तिफण आणि लोहाराचा फाळ आहे. पाहुणचार हा श्रम आहे. त्याला 'स्वभाव' म्हटले की श्रम करणारी माणसे दृष्टीआड होतात.

२३/
आणि याची किंमत आज मोजली जाते. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा आणि वाशीम. २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीम पुन्हा आले. कोरडवाहू कापूस, कर्ज, बाजारभाव, सिंचनाचा अभाव ही कारणे मोजता येतात, बदलताही येतात. 'माणसेच सुस्त' हे कारण मोजता येत नाही आणि बदलायचीही गरज उरत नाही. म्हणूनच ते इतके सोयीचे आहे. सुदर्शन तलाव बांधणाऱ्यांच्या भूमीला पाण्याविषयीचा आळस शिकवणे हे तर विनोदी म्हणावे असे.

२४/
टोल्किन १९१६ साली सोमच्या खंदकांत होते. घराचे मोल त्यांनी युद्धात ओळखले होते, म्हणून त्यांनी कथा शायरच्या उबेत संपवली नाही. हॉबिट परत येतात तेव्हा झाडे तोडलेली असतात, ओढा गढूळ झालेला असतो, कोठारातले धान्य बाहेर नेले जात असते आणि बहुतेक शेजारी निमूट नियम पाळत असतात. मग तेच चौघे शिंग फुंकून गाव उठवतात. शायर वाचते ते साधेपणामुळे नव्हे. जग पाहून आलेल्यांना आणि घरी राहिलेल्यांना आपले काय हिरावले जात आहे हे एकदम कळते, म्हणून ते वाचते. हॉबिटांकडून घ्यायचाच असेल तर हा धडा घ्यावा.

२५/
तेव्हा वाशीमला मराठी शायर म्हणायचे असेल, तर पूर्ण म्हणावे. वत्सगुल्माच्या ताम्रपटासह, हिस्से-बोराळ्याच्या तलावासह, कनकापूरच्या कलमातल्या कापडासह, कारंज्याच्या पोथ्यांसह आणि पोहरादेवीच्या वाटेवरच्या प्रत्येक तांड्यासह. २०२४ साली पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय उघडले, तेथे जाणाऱ्याने परतताना वाशीमला थांबावे, कारंज्यालाही जावे. दोन्हीकडच्या वृद्धांना त्यांचे आजोबा कोठून आले होते हे विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे. हॉबिट आपली भटकंती विसरले, कारण कोणी विचारले नाही. येथे विचारणारी पिढी अजून आहे, आणि सांगणारे थोडेच उरले आहेत.

(समाप्त)